जुन्या बोटीचा सौदा

(नर्मदाकाठच्या गावांतील सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर धडगाव येथे केलेले भाषण)

माहिती खात्यातील एका माणसाने जुन्या बोटींच्या खरेदी-विक्रीवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटणे स्वाभाविक आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. नौका बांधणे हा माझा व्यवसाय नव्हे, आणि वल्हे मारण्याची कला या वयात मला साधेल, असेही वाटत नाही. तरीसुद्धा हा विषय मी आपण होऊन मागून घेतला. त्याला एक कारण आहे. ते मी पुढे सांगणार आहे आणि सांगताना थोडा कबुलीजबाबही द्यावा लागणार आहे.

डोंगरांच्या जिल्ह्यात बोट

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन आपला नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. बाहेरच्या माणसाला हा जिल्हा म्हटला की सातपुड्याच्या रांगा, होळीचे ढोल आणि तोरणमाळचे पठार आठवते. पाणी आठवत नाही. परंतु राज्याच्या या टोकाला सुमारे ५४ किलोमीटरपर्यंत नर्मदा हीच महाराष्ट्राची सीमा आहे, आणि अक्कलकुवा व अक्राणी या दोन तालुक्यांतील काठच्या गावांना हे पाणी विसरणे शक्य नाही.

५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ज्या धरणाची कोनशिला बसविण्यात आली, त्या सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात महाराष्ट्रातील ३३ गावे आली. धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली. जून २०१७ मध्ये दरवाजे बंद करण्यात आले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीस पोहोचला. या काळात शेते गेली, घरे गेली. विस्थापितांचे प्रश्न हा एका स्वतंत्र व मोठ्या चर्चेचा विषय आहे. आजच्या विषयापुरते एवढेच सांगतो की, शेतांबरोबर काठाकाठाने जाणाऱ्या पायवाटाही पाण्याखाली गेल्या. ज्या ठिकाणी माणूस पायी जात असे, त्या ठिकाणी बोट आली. तिकडे दक्षिणेस तापीवर १९७२ मध्ये उकाई धरण पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्याचे पाणी आपल्या जिल्ह्याच्या कडेस लागले. तेथेही मासेमारी होड्यांवरच चालते.

आपल्याकडे बोट म्हणजे काय, हे २०२० साली साऱ्या देशाने पाहिले. टाळेबंदीच्या काळात माता व बालके अंगणवाडीपर्यंत येईनाशी झाली, तेव्हा चिमलखेडी येथील अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी एका मच्छीमाराची होडी मागून घेतली आणि अलीघाट व दादर या वस्त्यांवर त्या स्वतः वल्हे मारीत जाऊ लागल्या. एका फेरीचे अंतर १८ किलोमीटर. बालकांची वजने, गरोदर मातांची तपासणी, पोषण आहार हे सारे त्या होडीतून पोहोचले. रस्त्याच्या गावात जे काम सायकल करते, जीप करते, रुग्णवाहिका करते, ते येथे बोटीला करावे लागते. म्हणूनच तरंगत्या दवाखान्याची कल्पना आपल्या जिल्ह्यात प्रत्यक्षात आली.

काश्मीरच्या दाल सरोवरातील घरबोटी आपण चित्रांत पाहतो. केरळातील घरबोटींचा उगमही बोधप्रद आहे. तेथे भात वाहून नेणाऱ्या, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून केलेल्या जुन्या नौका रस्त्यांवरील वाहतूक वाढल्यावर निकामी होऊ लागल्या. त्यांवर छप्पर घालून, खोल्या काढून, त्या पर्यटकांसाठी वापरात आणण्यात आल्या. आपल्या कोकणात तारकर्ली येथे पर्यटन महामंडळाने घरबोटी आणल्या. जुन्या नौकेला नवे काम देणे ही काही वाईट गोष्ट नव्हे. आपल्या गावांना, संस्थांना नवी बोट परवडत नाही आणि जुनीच घ्यावी लागते, यातही कमीपणा नाही. प्रश्न आहे तो घेताना काय पाहिले आणि देताना काय सांगितले, हा.

घोडा पारखतो, बोट का नाही?

आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यात तापीकाठी, दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. तेथील घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. घोडा घेणारा माणूस काय करतो ते आठवा. तो घोड्याच्या झुलीकडे पाहत नाही. तोंड उघडून दात पाहतो, खूर उचलून पाहतो, अंगावरचे भोवरे पाहतो, चालवून पाहतो, पळवून पाहतो, जाणत्या माणसाला बरोबर नेतो. आणि तोच माणूस जुनी बोट घ्यावयास गेला की रंग पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो आणि विसार देऊन मोकळा होतो!

घोड्याचा दाखला मी उगाच दिलेला नाही. आपल्या कायद्यातही तो आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ यातील कलम १७ कपटाची व्याख्या करते आणि त्याखाली पहिलेच उदाहरण घोड्याचे दिलेले आहे. लिलावात घोडा विकणाऱ्याला घोड्यातील खोड ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही, तर निव्वळ मौन हे कपट ठरत नाही. सांगण्याचे कर्तव्यच त्याच्यावर असेल तर गोष्ट वेगळी. माल विक्री अधिनियम, १९३० यातील कलम १६ हेही साधारणतः हेच सांगते की, वस्तूच्या गुणवत्तेची काळजी घेणाऱ्याने घ्यावी. अपवाद आहेत, परंतु मूळ नियम हा आहे. मात्र त्याच कलम १७ मध्ये खोड जाणूनबुजून झाकणे हे कपट मानले आहे. गप्प राहणे वेगळे आणि कुजलेल्या फळीवर लांबी भरून वरून रंग देणे वेगळे. पहिल्याला कायदा एक वेळ सोडील, दुसऱ्याला सोडणार नाही.

परंतु बंधुभगिनींनो, घोडा आणि बोट यांत एक मोठा फरक आहे. घोडा लंगडा निघाला तर घेणाऱ्याचे पैसे बुडतात. बोट नादुरुस्त निघाली तर बुडतो तो तिसराच. जो प्रवासी बोटीत बसतो, तो सौद्याच्या वेळी हजर नसतो. बोटीची किंमत किती ठरली, कोणती फळी बदलली, कोणती राहू दिली, हे त्याला कोणी सांगत नाही. शाळेत जाणारे मूल, बाजाराला निघालेली बाई, दवाखान्यात नेले जाणारे आजारी माणूस हे या सौद्यातील तिसरे पक्षकार होत. सौदा दोघांचा आणि जोखीम तिसऱ्याची, असा हा व्यवहार आहे. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की, जुन्या बोटीच्या खरेदी-विक्रीत या तिसऱ्या माणसाच्या वतीने कोणीतरी उभे राहिले पाहिजे. आणि गावात तो माणूस म्हणजे आपण.

एक कबुली

आता माझा कबुलीजबाब. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका जिल्ह्यात होतो. तेथील एका संस्थेने जलाशयापलीकडच्या वस्तीसाठी एक जुनी लाकडी बोट विकत घेतली. संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. समारंभ झाला, नारळ फुटला. बोट निळ्या-पांढऱ्या रंगाने झळकत होती. छायाचित्र मीच काढविले आणि वस्तीची गैरसोय दूर झाल्याचे वृत्तही मीच लिहिले. ते छापून आले, याचा मला आनंदही झाला.

पुढे श्रावणात एका संध्याकाळी परतीच्या फेरीत त्या बोटीत पाणी शिरू लागले. काठ जवळ होता म्हणून सारे छातीभर पाण्यातून बाहेर आले. कोणी दगावले नाही. दुसऱ्या दिवशी बोट ओढून पालथी करण्यात आली. रंग खरवडला तर खाली लांबी निघाली, आणि लांबी काढली तर तळाच्या फळीत हाताचे बोट सहज आत जाऊ लागले. मी तेथे उभा होतो. वस्तीतील एक वृद्ध बाई मला ओळखून म्हणाली, “साहेब, फोटू काढला तवा खाली वाकून नाय बघितलं का?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या दिवसापासून बोटींविषयी मी जाणत्यांना विचारू लागलो. सुतार, मच्छीमार, इंजिनाचे कारागीर यांच्याकडून जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवतो. त्या सर्वाचे सार त्या बाईच्या एका वाक्यात आहे: खाली वाकून बघा.

रंगाखाली काय आहे?

पहिला नियम असा की, नुकताच रंग दिलेली जुनी बोट अधिक संशयाने पाहावी. शक्य तर रंग देण्यापूर्वीच पाहावी. बोट पाण्यात असेल तर ती बाहेर ओढून घेण्याचा आग्रह धरावा, आणि ती बाहेर असेल तर पाण्यात सोडून पाहण्याचा आग्रह धरावा. दोन्ही स्थितींत पाहिल्याशिवाय बोट कळत नाही.

लाकडी बोट उन्हाळ्यात काठावर पडून राहिली की फळ्या सुकून आकसतात आणि सांधे उघडतात. अशी बोट पाण्यात सोडताच गळू लागते, पण लाकूड फुगले की ती गळती बरीचशी थांबते. म्हणून पहिल्या तासाची गळती पाहून घाबरू नये आणि विक्रेत्याच्या ‘फुगली की थांबेल’ या आश्वासनावर विसंबूनही राहू नये. एक-दोन दिवस बोट पाण्यात ठेवावी, आतले सारे पाणी उपसावे आणि मग ठरावीक वेळात किती पाणी येते ते मोजावे. मोजलेले पाणी खोटे बोलत नाही.

लाकूड कुजते ते नेहमी पाण्याखालीच, असा एक समज आहे. वस्तुतः सतत पाण्यात बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नसल्याने ते बुरशीपासून बरेचसे बचावते. पावसाचे गोडे पाणी जेथे साचून राहते, ओल आणि हवा जेथे एकत्र येतात, तेथे कूज लागते. म्हणून बसण्याच्या फळ्यांखाली, आतील आडव्या-उभ्या वासांच्या सांध्यांत, दोन्ही टोकांच्या कोपऱ्यांत आणि छप्पर असेल तर त्याच्या खांबांच्या बुडाशी टोच्या किंवा चाकूचे टोक दाबून पाहावे. चांगले लाकूड टोकाला विरोध करते. कुजलेले लाकूड ते गिळते. हातोडीने ठोकले असता खणखणीत आवाज आला तर बरे, भदभदीत आला तर तेथे थांबावे. खिळे गंजून त्यांच्याभोवती काळे डाग पडले असतील तर नुसती फळी बदलून भागत नाही.

पत्र्याच्या बोटीत गंज प्रथम शोधावा तो पाण्याच्या रेषेलगत, कारण तेथे पत्रा वारंवार भिजतो आणि वाळतो; आणि आतून तळाशी, जेथे घाण पाणी साचते. हातोडीने ठोकत जावे, गंजाचे पोपडे काढून पत्रा किती उरला ते पाहावे. एकावर एक ठिगळे जोडलेली असतील तर खालचा पत्रा गेला आहे असे समजावे. फायबरच्या बोटीत पृष्ठभागावर फोड, तारेसारख्या भेगा आणि ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज या तीन खुणा होत. थर सुटले आहेत असा त्यांचा अर्थ. वरून लेप दिला की भेग दिसत नाही. पण ती असतेच.

आपल्या जलाशयाची आणखी एक खोड लक्षात घ्यावी. येथे पाण्याची पातळी वर्षभर चढते आणि उतरते. बुडालेल्या झाडांची खोडे, जुन्या घरांची जोती आणि खडक कधी खोल असतात तर कधी पृष्ठभागाखाली हातभर अंतरावर येतात. म्हणून येथे फिरलेल्या बोटीचा पुढचा तळ, पंखा, त्याचा दांडा आणि सुकाणू यांना आघात झाला आहे काय, हे विशेष पाहावे. पाणी उतरल्यावर खडकावर तिरकी बसून राहिलेली बोट वरून धड दिसते, पण तिचा कणा वाकलेला असू शकतो. एका टोकास उभे राहून दुसऱ्या टोकापर्यंत सूत धरले की हे कळते.

इंजिन थंड असताना सुरू करावयास सांगावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. तापलेल्या इंजिनाचा धूर बोलका असतो. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही किंवा भार जास्त आहे. निळसर धूर म्हणजे वंगण जळते आहे. पांढरा धूर थांबतच नसेल तर न जळलेले इंधन किंवा आत शिरलेले पाणी, यांपैकी काहीतरी आहे. वंगण तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. पंख्याचा दांडा तळातून जेथे बाहेर पडतो, तेथील गळती हात लावून पाहावी. आणि इंजिन नुसते चालू करून पाहणे पुरेसे नाही. माणसांच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या भरून, प्रवाहाविरुद्ध, निदान तासभर बोट चालवावी. या चाचणीत माणसे बसवू नयेत. तिसऱ्या पक्षकाराला आपण परीक्षेसाठी वापरता कामा नये.

शिक्षकांसाठी एक गणित

शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित वर्गात अवश्य सोडवून घ्यावे. समजा, एका सपाट तळाच्या बोटीची लांबी ८ मीटर व रुंदी २ मीटर आहे. क्षेत्रफळ १६ चौरस मीटर. बोट १ सेंटिमीटर अधिक बुडावयाची तर १६० लिटर, म्हणजे १६० किलो पाणी बाजूस सारले जाते. प्रत्येकी ६० किलो वजनाची २० माणसे चढली की वजन झाले १,२०० किलो, आणि बोट साडेसात सेंटिमीटर खाली गेली. खरी बोट टोकांकडे निमुळती असल्याने प्रत्यक्षात ती याहून अधिकच बुडते.

आता गळतीचा विचार करा. याच बोटीच्या तळाशी १० सेंटिमीटर पाणी साचले, तर त्याचे वजन १,६०० किलो होते. म्हणजे न दिसणारी २६ माणसे बोटीत येऊन बसली! आणि ही माणसे स्वस्थ बसत नाहीत. बोट जरा कलली की सारे पाणी त्याच बाजूला धावते आणि तिला आणखी कलविते. ‘थोडे पाणी येते, डबा ठेवला आहे’ असे विक्रेता सहज सांगतो, तेव्हा हे गणित आठवावे.

१५ जानेवारी २०१९ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, याच अक्राणी तालुक्यात भुषा येथे नर्मदेत बोट उलटली. बोटीत साठच्या आसपास माणसे होती. सणाला निघालेल्यांपैकी काही घरी परतले नाहीत, आणि त्यांत लहान मुले होती. आपल्यापैकी काहींच्या गावांत ते दुःख अजून ताजे असेल. त्याच वर्षी ८ ऑगस्ट रोजी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे कृष्णेच्या पुरातून लोकांना सुरक्षित स्थळी नेणारी बोटच उलटली. ७ मे २०२३ रोजी केरळात तानूर येथे पर्यटकांची बोट उलटून २२ जण मृत्युमुखी पडले. ती मूळची मासेमारीची नौका असून तिचे प्रवासी बोटीत रूपांतर केले होते, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. प्रत्येक दुर्घटनेची कारणे निराळी असतात आणि त्यांचा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. परंतु एक सामान्य धडा उघड आहे. बोट ज्या कामासाठी बांधली, त्याहून वेगळ्या कामाला ती लावताना नव्याने तपासली पाहिजे. जाळी वाहणाऱ्या बोटीवर छप्पर चढविले, वर माणसे बसविली, की तिचा भार उंच जातो आणि ती कलण्याचा धोका वाढतो. छप्पर असलेली जुनी बोट घेताना ते छप्पर मूळचे की मागाहून चढविलेले, हा पहिला प्रश्न विचारावा.

स्वस्त ते किती दिवस?

जुनी बोट स्वस्त मिळते ही गोष्ट खरी. पण तिची किंमत म्हणजे सौद्याची रक्कम नव्हे. तीत दुरुस्तीचा खर्च, घाटातून सामान व कारागीर आणण्याचा खर्च आणि दुरुस्ती चालू असताना बंद पडलेल्या फेऱ्यांचा खर्च मिळवावा आणि बोट किती वर्षे टिकेल त्याने भागावे. समजा, जुनी बोट एक लाखास मिळाली, दुरुस्तीस साठ हजार लागले आणि ती चार वर्षे चालली; तर वर्षाला चाळीस हजार पडले. तीन लाखांची नवी बोट पंधरा वर्षे चालली तर वर्षाला वीस हजारच पडतात. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्येक गावाने आपले आकडे घालून हिशेब करावा. कधी जुनी बोटच परवडेल, कधी नाही. हिशेब मात्र कागदावर करावा.

दुरुस्तीचेही दोन प्रकार आहेत. बसण्याच्या फळ्या, छप्पर, रंग, वल्ही, सुकाणूची मूठ ही वरवरची कामे होत. ती राहिली तरी बोट बुडत नाही. तळ, कणा, वासे, पंख्याचा दांडा व त्याची गळती ही मुळाची कामे. अंदाजपत्रकात या दोहोंचे वेगळे रकाने असावेत आणि मुळाची कामे पूर्ण झाल्याचा दाखला मिळेपर्यंत पूर्ण रक्कम अदा करू नये. जीवरक्षक जाकिटे, दोर, नांगर आणि पाणी उपसण्याचा हातपंप यांचा खर्च ‘पुढे पाहू’ म्हणून सोडू नये.

कागद

माल विक्री अधिनियमाच्या कलम १४ नुसार विक्रेत्याला वस्तू विकण्याचा अधिकार आहे, हे गृहीत धरले जाते. पण गृहीत धरलेले कागदावर पाहून घेणे शहाणपणाचे. बोट गहाण आहे काय, भागीदारीची आहे काय, अनुदानातून मिळालेली असून विकण्यास मनाई आहे काय, सहकारी संस्थेची असल्यास सभेचा ठराव आहे काय, हे प्रश्न आधी विचारावेत.

१९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला आहे. यंत्रावर चालणाऱ्या बोटीस तपासणीचे प्रमाणपत्र, नोंदणी आणि विमा या गोष्टी त्यात सांगितल्या आहेत. या कायद्याखालील प्रमाणपत्रे साऱ्या देशात ग्राह्य आहेत. एकाच जलाशयावर तीन राज्यांचे काठ असलेल्या आपल्यासारख्या भागाला ही तरतूद महत्त्वाची आहे. आपल्या राज्यात या तपासणीचे व नोंदणीचे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. बोट विकली की मालकी बदलल्याची नोंदही झाली पाहिजे; नाहीतर अपघाताच्या दिवशी कागदावरचा मालक एक आणि बोट चालविणारा दुसरा, असा प्रकार होतो.

पंचायत सदस्यांनी याच कायद्यातील आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. वल्ह्यांवर चालणाऱ्या, यंत्र नसलेल्या नौकांची नोंद ठेवण्याचे काम जिल्हा, तालुका व गाव पातळीवरील स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविण्याची वाट त्यात मोकळी ठेवली आहे. त्याची वाट न पाहताही ग्रामपंचायतीला एक साधी वही घालता येईल. गावात होड्या किती, कोणाच्या, केव्हा घेतल्या, शेवटची दुरुस्ती कधी, माणसे किती बसावीत. हा शेवटचा आकडा बोटीच्या बाजूवर मोठ्या अक्षरांत रंगवावा. अक्षर न वाचणाऱ्यालाही कळावे म्हणून तेवढ्या रेघा ओढाव्यात आणि पाणी त्यापलीकडे चढू नये अशी एक लाल पट्टी बाहेरून मारावी. रंगाचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

विकणाऱ्याचे कर्तव्य

आता अधिकारी मित्रांसाठी दोन शब्द. शासकीय किंवा संस्थेची बोट जुनी झाली की जडसंग्रह नोंदवहीतून ती कमी करावी लागते. निर्लेखन होते, लिलाव होतो आणि ‘जशी आहे तशी’ या शब्दांनी आपली जबाबदारी संपली असे आपण मानतो. कायद्याच्या दृष्टीने ती कदाचित संपतही असेल. पण ज्या बोटीला आपण कर्मचाऱ्यांसाठी अयोग्य ठरविले, तीच चार महिन्यांनी रंग लावून एखाद्या घाटावर प्रवासी भरताना दिसली, तर आपण काय म्हणणार? म्हणून लिलावाच्या सूचनेत बोटीचे ज्ञात दोष स्पष्ट लिहावेत. बोट पाण्यात चालण्यास अयोग्य असेल तर ती मोडीतच विकावी, तशी अट घालावी, आणि नोंदणी रद्द झाल्याची खात्री करून घ्यावी. किंमत कमी येईल. येऊ द्यावी.

खाजगी विक्रेत्यालाही हेच सांगावेसे वाटते. दोष सांगून विकलेली बोट कमी पैशांत जाते, पण तिच्यावर दुरुस्ती होते. दोष झाकून विकलेली बोट अधिक पैशांत जाते आणि दुरुस्तीला पैसे उरत नाहीत. शिवाय या काठावर विकत घेणारा परका नसतो. त्याच बोटीत एखादे दिवशी विकणाऱ्याचा भाचा, सून, नातू बसणारच असतो.

मित्रहो, गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची जुनी रीत आपणांस ठाऊक आहे. बैलाच्या सौद्यात ती शोभते. भाव दोघांत राहतो आणि कोणाचे बिघडत नाही. बोटीचा सौदा मात्र रुमालाखाली होऊ देऊ नका. तो ग्रामसभेत होऊ द्या, काठावर होऊ द्या, बोट पालथी घालून चारचौघांसमक्ष होऊ द्या. सुतार असो, मच्छीमार असो, वल्हे मारणारी अंगणवाडी सेविका असो, ज्यांना त्या बोटीत बसावयाचे आहे, त्यांना आधी विचारा.

मी आता कोठेही बोटीच्या समारंभाला गेलो की छायाचित्रकाराला थोडे थांबवितो, चप्पल काढतो आणि पाण्यात उतरून खाली वाकतो. लोक हसतात. हसू द्यावे. त्या वृद्ध बाईने मला एकदा विचारले होते; पुन्हा कोणी विचारले तर यावेळी माझ्याजवळ उत्तर असावे, एवढीच इच्छा आहे.